सरांनी परत केलेले मार्क

सर गेले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात खडू निघाला. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना वीसेक वर्षं झाली होती. त्यांच्या पुतण्याने तो खडू माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "ताई, ह्याचं काय करू? टाकवत नाही." मी तो घेतला नि पर्समध्ये ठेवला. अजून तिथेच आहे. पर्समधलं सगळं, रुमाल, चष्म्याची डबी, ऑफिसचं ओळखपत्र, थोडं थोडं पांढरं झालंय. पण पर्स झटकायची इच्छा होत नाही.

खडूचं काम काय, ते आमच्या वसईतल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. सर रोज चर्चमधल्या सकाळच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, सायकलवरून जायचे आणि वाटेत जी इंग्रजी पाटी चुकलेली दिसेल ती दुरुस्त करायचे. सगळ्या चुका त्यांना छळत नसत. स्पेलिंग चुकलं तर ते नुसते हसून पुढे जात. त्यांचा जीव अडकायचा तो एकाच ठिकाणी, कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये. कर्ते पुष्कळ आणि क्रियापद एकट्याचं, किंवा कर्ता एकटा आणि क्रियापद पुष्कळांचं, असं कुठे दिसलं की सायकल स्टँडवर लागलीच. एका नव्या सोसायटीच्या गेटवर 'व्हिजिटर्स इज नॉट अलाउड' अशी पाटी होती. सरांनी 'इज' वर काट मारून 'आर' केलं. वॉचमन धावत आला. "अंकल, ये क्या कर रहे हो?"

"बेटा, व्हिजिटर बहुत हैं ना, इसलिए आर."

"बहुत कहाँ अंकल, दिनभर में एक भी नहीं आता," वॉचमन म्हणाला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, खडू खिशात टाकला आणि त्या दिवशी मिस्सा चुकवून त्याच्याजवळ स्टुलावर बसून राहिले. हे मला त्यांनीच सांगितलं होतं. "बिचाऱ्याला बोलायला कोणी नव्हतं," म्हणाले. सर असे होते. म्हणजे पाटीवरचं सगळं त्यांना दिसायचं आणि पाटीखालचा माणूसही दिसायचा. फक्त कागदावर ते आंधळे व्हायचे, आणि ती गोष्ट त्यांना फार उशिरा कळली.

आमची शाळा मराठी माध्यमाची. वर्गात तीन तऱ्हांची मुलं. वाड्यांमधली, म्हणजे केळी आणि फुलं पिकवणाऱ्या घरांतली. पाचूबंदरची, ज्यांच्या घरी होड्या होत्या. आणि आम्ही, स्टेशनजवळच्या बिल्डिंगींतली, ज्यांचे वडील मुंबईला नोकरीला जायचे. माझे वडील देवगडकडचे, एका सरकारी कचेरीत कारकून. आम्ही स्वतःला उगाचच थोडे शहाणे समजायचो. मी तर फारच.

इंग्रजी पाचवीपासून असलं तरी दहावीपर्यंत आम्हाला त्या एका 'एस'चं कोडं सुटलं नव्हतं. सरांनी ते हॅटने सोडवलं. त्यांच्या वडिलांची जुनी काळी फेल्टची हॅट होती, रविवारी ते ती घालून चर्चला जायचे. शाळेत ती खास व्याकरणाच्या तासाला यायची. एका मुलाला कर्ता म्हणून उभं करायचं, दुसऱ्याला क्रियापद म्हणून. "ही हॅट म्हणजे एस," सर म्हणायचे. "वर्गात हॅट एकच आहे. कर्त्याने घातली तर क्रियापदाचं डोकं उघडं. कर्त्याचं डोकं उघडं असेल तर क्रियापदाने घालायची. दोघांनी मिळून घातलीत तर फाटेल, आणि कोणीच घातली नाही तर ती माझ्या हातात राहील आणि मला वाईट वाटेल." त्यांना खरोखर वाईट वाटायचं. हॅट हातात राहिली की ते तिच्या कडेवरून बोट फिरवत खिडकीबाहेर बघत बसायचे.

एक सांगायचं राहिलं. घरच्या बोलीला सरांनी कधी हात लावला नाही. पाचूबंदरची मुलं 'पानी' म्हणायची, 'शाला' म्हणायची. आमच्या मराठीच्या बाई त्यावरून छडी उगारायच्या. सर म्हणायचे, "त्या मुलांच्या आयांनी शिकवलंय ते. आयांचे पेपर आपण तपासत नाही."

पण इंग्रजीचे पेपर तपासताना ते फार कडक होते. चुकलेल्या प्रत्येक 'एस'ला अर्धा मार्क कमी. हा नियम शाळेचा नव्हता, बोर्डाचा तर मुळीच नव्हता, सरांचा स्वतःचा होता. व्याकरणाच्या प्रश्नात ठीक, पण ते निबंधातही तसंच कापायचे. लाल पेनाने गोल करत जायचे, गोल, गोल, गोल. शाळा सुटल्यावर त्यांच्या डोळ्यांना थकवा यायचा, मग बेरजेला मला बोलवायचे. हुशार मुलीने सरांसोबत स्टाफरूममध्ये बसून सगळ्यांच्या मार्कांची बेरीज करायची, हा केवढा मान! मी त्या आठवड्यात वेणीला रिबिन सुद्धा नवीन बांधायची.

दहावीची सहामाही. आमच्या शाळेत त्या काळी एक रीत होती. सहामाहीत इंग्रजीत नापास झालेल्याचा बोर्डाचा फॉर्म अडवून ठेवायचे, निकालाची टक्केवारी खाली येऊ नये म्हणून. हे सगळ्यांना माहीत असायचं. त्यामुळे त्या पेपरांच्या गठ्ठ्याची बेरीज करताना माझा हात जरा जडच झाला होता, असं मी आता म्हणू शकते. तेव्हा झाला नव्हता.

माझ्या बाकावर सेलिना बसायची. पाचूबंदरची. काळी, उंच, फार कमी बोलणारी. मला ती आवडायची की नाही, हे मी कधी ठरवलं नाही. ती डब्यात सुका जवळा घातलेली भाकरी आणायची आणि मी तोंड दुसरीकडे करून जेवायची, एवढं आठवतं. तिच्या पेपरची बेरीज तेहतीस आली. पासाला पस्तीस लागत होते. 'माय मदर' या आठ मार्कांच्या निबंधात तिला शून्य होतं. निबंधाच्या अंगभर लाल गोल होते. आई एकच होती ना, त्यामुळे प्रत्येक वाक्यात क्रियापदाला 'एस' हवा होता, आणि सेलिनाने एकही दिला नव्हता.

मी तो निबंध वाचला. कोणाचा निबंध वाचायचा मला काही अधिकार नव्हता, पण सर तोंड धुवायला बाहेर गेले होते. त्यात एक ओळ होती, 'माय मदर हँड स्मेल फिश.' आईच्या हाताला मासळीचा वास येतो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ती ओळ मुलींना म्हणून दाखवली. सेलिना वर्गात नव्हती, एवढं मी बघून घेतलं होतं. मी दोन बोटांनी नाक धरलं आणि सेलिनाच्या आवाजात म्हटलं, "माय मदर हँड स्मेल फिश." मुली अशा हसल्या की दोघींनी तोंडात पदर कोंबतात तसा रुमाल कोंबला. एकीने रुमाल नाकाला लावला आणि मग सगळ्यांनीच लावला. एका मिनिटाचा खेळ होता. घंटा झाली, आम्ही बाकावर बसलो.

सेलिना त्या दिवसानंतर शाळेत आली नाही. तिचा फॉर्म अडवला गेला, म्हणून तिने शाळा सोडली, असं सगळे म्हणाले. मीही तसंच म्हटलं. तिचा पेपर न्यायला कोणी आलंच नाही.

पुढे मी शिकले, नोकरीला लागले, लग्न होऊन विरारला फ्लॅटमध्ये राहायला आले. सरांची गाठ पडायची ती कुणाच्या लग्नात. मग एका वर्षी जुन्या वर्गमित्रांकडून चमत्कारिक गोष्टी ऐकू यायला लागल्या. नालासोपाऱ्याला आमच्या वर्गातला एक जण बेकरी चालवतो. तो मला म्हणाला, "अगं, सर आले होते. उन्हात सायकल मारत. मला वाटलं पाव न्यायला आले. तर खिशातून घडी केलेला पेपर काढला, माझा, आठवीचा! म्हणाले, मी तुझे तीन मार्क चुकून कापले होते, परत द्यायला आलोय. हिरव्या पेनाने नवीन बेरीज. मी पास झालो गं, ह्या वयात!" त्याने तो पेपर काच बसवून गल्ल्याच्या वर टांगलाय. गिऱ्हाइकांना दाखवतो आणि हसतो. त्याच्या हसण्यात मला तेव्हा काही खटकलं नाही.

असे किती जणांकडे सर गेले, देव जाणे. वर्गात हजर नसलेल्या, पेपर न्यायला न आलेल्या मुलांचे पेपर ते कधी रद्दीत देत नसत, एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचे. त्यांची बायको वारली, मूलबाळ नव्हतं, घर पुतण्याच्या कुटुंबाने भरलेलं. त्या रिकामपणात त्यांनी ट्रंक उघडली. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

एका दुपारी ते माझ्या दारात उभे राहिले. उपवासकाळ चालू होता, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. हातात हॅट, चेहरा घामाने ओला. मला वाटलं, माझेही मार्क आणलेत की काय. मी तसं गमतीने म्हटलं. सर म्हणाले, "तुझे मी काही घेतले नाहीत, बाय. तुला मी जास्तच दिले." ते त्यांनी अगदी सरळपणे सांगितलं, आणि मी चहा ठेवायला आत गेले.

चहा पिता पिता त्यांनी सगळं सांगितलं. बायको गेल्यावर उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, ते चर्चमध्ये पापनिवेदनाला गेले होते. आयुष्यभर दर वर्षी तीच तीच पापं सांगायची, राग आला, आळस केला, शेजाऱ्याशी भांडलो. त्या वर्षी त्यांच्या तोंडून निघून गेलं की फादर, मी पोरांचे मार्क घेतले. जे त्यांच्या हक्काचे होते तेच घेतले. पापनिवेदनाच्या जाळीपलीकडे बसलेले फादर वयाने लहान होते. ते म्हणाले, नुसती प्रार्थना सांगून तुम्हाला कसं सोडू? ज्याचं घेतलंत त्याला नेऊन द्या.

"त्याने सहज सांगितलं असेल," सर म्हणाले. "पण सांगितलं ना. मग मी एकेकाचा पेपर पुन्हा तपासला. ह्या खेपेला निबंध वाचले. बाय, मी इतकी वर्षं मुलांचे निबंध वाचलेच नव्हते. नुसते एस बघत गेलो."

मग त्यांनी पिशवीतून शेवटचा पेपर काढला. मी अक्षर ओळखलं. बाकी सगळे पोचवून झाले होते, हा एकच राहिला होता, आणि तो न्यायचं त्यांना धैर्य होत नव्हतं. बाकीच्यांचे दोन-तीन मार्क इकडेतिकडे झाले होते. हिची शाळा गेली होती. "मी निबंधाचे चार मार्क दिले असते तर सदतीस झाले असते. फॉर्म अडला नसता. तू तिच्या बाकावर बसायचीस. माझ्याबरोबर चल. एकट्याने गेलो तर तिच्या दारातून मागे फिरेन."

मी गेले. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही, हेच खरं.

पाचूबंदरला सकाळी होड्या लागल्या की लिलावाची गडबड असते, म्हणून आम्ही ती संपल्यावर गेलो. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते. सेलिना तिथेच होती, हाताखालच्या दोन बायकांना मोठ्या आवाजात काही सांगत होती. लठ्ठ झाली होती, केस अर्धे पांढरे. सरांना तिने लांबून ओळखलं. माझ्याकडे तिने एकदा पाहिलं आणि मान हलवली.

"सर, तुमी कशाला आलाव एवढ्या उन्हात? सांगावा धाडला असता तर मी आली असती."

सर बसले नाहीत. हॅट काढून छातीशी धरली आणि म्हणाले, "सेलिना, मी तुझे चार मार्क घेतले होते. ते परत द्यायला आलोय."

ती हसली. मग सरांच्या हातातला पेपर बघून तिचं हसू गेलं. सरांनी विचारलं, वाचू का? तिने हाताखालच्या बायकांना गप्प केलं. सरांनी तिथे, वाळत्या बोंबलांच्या वासात, वर्गात वाचायचे तशा आवाजात वाचलं. माय मदर सेल फिश. माय मदर वेक अप फोर ओक्लॉक. कुठल्याही क्रियापदाला त्यांनी स्वतःच्या पदरचा 'एस' लावला नाही, तिने लिहिलं होतं तसंच वाचलं. आणि मग ती ओळ आली.

"माय मदर हँड स्मेल फिश. व्हेन शी टच माय फेस आय नो शी कम होम."

आईच्या हाताला मासळीचा वास येतो. ती माझ्या तोंडावरून हात फिरवते तेव्हा मला कळतं, आई घरी आली. पुढची ही ओळ मी त्या दिवशी स्टाफरूममध्ये वाचली होती की नाही, मला आठवत नाही. वर्गात मात्र मी तिच्या आधीच थांबले होते, कारण हसू तिथेच येत होतं.

सेलिनाने पदराने डोळे पुसले. "आयला जाऊन बारा वर्सा झाली," ती म्हणाली. मग सरांचा हात धरून तिने त्यांना उलट्या टोपलीवर बसवलं आणि स्वतः त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"सर, आयकाल का? तुमच्यामुलं नाय मी शाला सोडली. नापास तर आमच्यातली निम्मी पोरां व्हायची. आय बोलली व्हती, फॉर्म अडवला तर अडवू दे, पुढच्या वर्साला भायरून बस, सतरा नंबरचा फॉर्म भरू. मीच नाय गेली."

"का नाही गेलीस?"

"वर्गात कोनीतरी माझा निबंध बोलून दाखवला. ही आयची लाईन. सगल्या पोरींनी नाकाला रुमाल लावलं. मी पानी पिऊन आली व्हती, दाराशी उभी व्हती. मार्कांचा काय नाय वाटला, सर. पन ते रुमाल बघून मना परत त्या बाकावर बसवला नाय."

माझ्या पायाखाली बर्फ वितळलेलं पाणी वाहत होतं आणि चपला भिजल्या होत्या. मी त्याकडे बघत राहिले.

"कोणी वाचला?" सरांनी विचारलं.

होडीवरून कोणी तरी सेलिनाला हाक मारली, तिने हात वर करून त्याला थांब म्हटलं. तेवढा वेळ होता. मी बोलले असते तर त्या वेळात सगळं बोलून झालं असतं. मग ती म्हणाली, "इतक्या वर्सांनी कोन लक्षात ठेवतो, सर." पेपर तिने सरांकडून घेतला, घडी केली आणि कमरेच्या कापडी पिशवीत ठेवला.

परत येताना रिक्षात सर हॅट मांडीवर घेऊन बसले होते. मला वाटलं, त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं असेल. किल्ल्याची वेस मागे पडल्यावर ते म्हणाले, "चांगली मुलगी आहे. मला बरं वाटावं म्हणून गोष्ट रचली तिने."

"रचली कशावरून, सर?"

"अगं, निबंध कोण बोलून दाखवणार? पेपर वाटलेच नव्हते अजून. गठ्ठा माझ्या कपाटात होता. बेरजेला एकटी तू होतीस, आणि तू असलं कधी करणार नाहीस."

मी म्हणाले, "सर, रिक्षा चर्चपाशी थांबवू, की घराकडे घेऊ?"

तेव्हापासून सरांनी मासे सोडले. वसईच्या माणसाने मासे सोडणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. उपवासकाळात आमच्याकडचे ख्रिस्ती लोक मटण सोडतात आणि मासळीवर दिवस काढतात. सरांनी उलटं केलं. ईस्टर झाला, पाऊस झाला, नाताळ आला, सरांच्या ताटात डाळ-भात आणि केळफुलाची भाजी. पुतण्याची बायको मला फोन करायची. "ताई, तुम्ही तरी सांगा ना. दर शुक्रवारी पाचूबंदरवरून त्यांच्या नावाने मासळी येते. ताजी पापलेटं, कधी रावस. ती सेलिना पाठवते. आम्ही जेवतो आणि हे हात लावत नाहीत. डॉक्टर म्हणाले, अंगात काही राहिलं नाही यांच्या."

मी तीनदा गेले. बावखलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या लहानशा तळ्याच्या, कडेला त्यांचं घर, पाण्याजवळ आरामखुर्ची. दर वेळी घरातून ठरवून निघायचे की आज सांगायचं. एका वाक्याचं तर काम होतं. सर, तो निबंध मी वाचला होता. एवढं म्हटलं की म्हातारा उठून पापलेट मागणार होता, रागावून का होईना. मला वाटतं, ते रागावलेही नसते.

पहिल्यांदा गेले तेव्हा ते माझ्या मुलीच्या अभ्यासाचं विचारत बसले. दुसऱ्यांदा पुतण्या शेजारी होता. तिसऱ्यांदा कोणीच नव्हतं. सर फार वाळले होते, शर्टाच्या कॉलरमध्ये मान हलायची. मी म्हटलं, "सर, मासळी का खात नाही तुम्ही? सेलिना एवढ्या प्रेमाने पाठवते."

"म्हणूनच नाही खात," ते म्हणाले. "मी तिची शाळा घेतली आणि ती मला पापलेट पाठवते. ते कोणत्या तोंडाने खाऊ?" मग माझा हात थोपटला. "तू नको जिवाला लावून घेऊ. बेरीज तुझी बरोबरच होती."

मी हे लिहिते आहे आणि मला माझी अतिशय किळस येते. त्यांच्या धर्मात निदान एक जाळी असते, पलीकडे कोणी बसलेलं असतं. आमच्यात ती सोय नाही, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं. पण सोय माझ्यासमोर आरामखुर्चीत बसली होती, माझा हात हातात घेऊन. मला फक्त त्यांच्या डोळ्यांतली ती हुशार मुलगी सोडवत नव्हती.

पावसाळा संपता संपता सर गेले. शवपेटीवर ती काळी हॅट ठेवली होती. बेकरीवाला होता, तो मोठमोठ्याने रडला. सेलिना बायकांमध्ये मागे उभी होती. तिने मूठभर माती टाकली आणि कोणाशी न बोलता निघून गेली.

सरांना जाऊन महिना झाल्याचा मिस्सा झाला, त्यानंतर मी पाचूबंदरला गेले. ह्या खेपेला मी लिलाव संपायची वाट पाहिली नाही. वाट बघत थांबले असते तर परत फिरले असते. सेलिना मासळीच्या पाट्यांच्या रांगेत उभी राहून बोली लावत होती. मला बघून ती बाजूला आली.

मी म्हटलं, "सेलिना, तो निबंध मी वाचला होता. वर्गात."

"ठाऊक हाय मना," ती म्हणाली. "तुझा आवाज मी काय ओलखत नव्हती? एका बाकावर बसायचो."

"मग सरांनी विचारलं तेव्हा नाव का नाही घेतलंस?"

"तू बोलशील म्हनून वाट बघत व्हती."

ती रागाने बोलत नव्हती. कदाचित राग केव्हाच संपून गेला असेल. तिच्या हाताला खवले चिकटले होते आणि ती ते एकेक काढत होती. तिचा चेहरा जरा निवळला. "जाऊ दे. सर आयकाला आले, बसले, माझ्या आयचं सगलं वाचलं. मना तेवढ्यानं बरा वाटला. मी मग दर शुक्रवारी मासली धाडायची त्यांना. सगल्यात मोठी निवडून." ती थोडी हसली. "आवडायची का गं त्यांना? कोनता जास्त खायचे, पापलेट का रावस?"

पापलेट, असं म्हणता आलं असतं. सहज म्हणता आलं असतं. ती खूश झाली असती आणि मी घरी गेले असते.

"नाही खाल्ली त्यांनी," मी म्हणाले. "एकदाही नाही. तुझी शाळा त्यांच्यामुळे गेली, असंच धरून बसले होते. तू त्यांना बरं वाटावं म्हणून गोष्ट रचलीस, असं त्यांना वाटलं. तेव्हापासून मासळीला शिवले नाहीत. जाईपर्यंत."

"आनि तू?" तिने विचारलं. "तू जायचीस ना त्यांच्याकडं?"

"तीनदा गेले."

सेलिनाचा हात थांबला. मागे कोणी तरी तिच्या नावाने ओरडत होतं, बोली तुटायला आली होती. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि शाळेच्या त्या सगळ्या वर्षांत तिने माझ्याकडे असं एकदाही पाहिलं नव्हतं.

"मना नाय सांगितला असता तरी चालला असता," ती म्हणाली. "त्यांना सांगायचा व्हता."

मग ती पदर खोचून पाट्यांकडे वळली. माझ्यामागून एक बाई बर्फाची पाटी डोक्यावर घेऊन आली आणि म्हणाली, "ओ ताई, घ्यायचा नसेल तर बाजूला व्हा." मी बाजूला झाले.